वॉर्डगेट

तिकिटं मी अजूनही देतो, त्याच जागी.
दोन तासांचं, चार तासांचं, दिवसभराचं.
काचेच्या आत, दिसेल असं ठेवायचं.
कुठे जाणार, असं मी कुणाला विचारत नाही.
इथून कुणी कुठे जात नाही, फक्त गाडी लावतं.

खाली, जिथे ती लाल व्हॅन उभी आहे,
तिथे दुसरा फलाट संपायचा
आणि ताग सुरू व्हायचा:
बंगालहून बोटीने आलेला,
देवमाशाच्या तेलात भिजवून मऊ केलेला ताग.
आजी म्हणायची, डंडीत जन्मलेल्या माणसाचं नाक
पहिल्याच आठवड्यात राजीनामा देतं.

आजी, नेटा ड्यूअर.
चौदाव्या वर्षी मागावर उभी राहिली,
पंचविशीच्या आत बहिरी.
तिच्या रांगेतल्या सगळ्याच तशा.
दोनशे माग एका छताखाली धडधडत असताना
कान शाबूत ठेवून करायचं तरी काय?
त्या ओठांनी बोलत. भुवयांनी. बोटांनी.
हसत मात्र मोठ्याने,
किती मोठ्याने ते त्यांना कळत नसे.

आता अशा तीनशे बायका
जुलैत, पहाटे, पत्र्याच्या बादल्या घेऊन
ब्लेअरगाउरीला रासबेऱ्या तोडायला निघाल्यात
आणि कर्णा ओरडतोय: फलाट बदलला आहे.
गाडी रिकामी गेली.
साल एकतीस, किंवा बत्तीस; आजी दोन्ही सांगायची.

दुसऱ्या दिवशी टॅम ल्युकी नावाचा हमाल
मासळीच्या खोक्यावर चढला
आणि आवाज न काढता ओरडला.
त्याची आई मागावरचीच होती.
ऑक्टरहाऊसला त्याचा जबडा जांभईसारखा उघडे,
न्यूटाईलला ओठांचा चंबू होई,
कूपर अँगसला सगळे दात दिसत.
बादल्या उचलल्या जात, फलाट हलू लागे.
एडिनबराहून आलेल्या निरीक्षकाने शेरा लिहिला:
हमाल तोंड उघडतो, शब्द फुटत नाही.
घसा तपासून घ्यावा.

मग मोटारी आल्या. मग हिशेब आला.
वॉर्डगेट बंद झालं जानेवारीतल्या एका शनिवारी.
बँड होता. नगरसेवकाचं भाषण होतं,
थंडीत कागद धरवेना म्हणून अर्धंच.
शेवटची गाडी उभी असताना
टॅम, सत्तरीचा, बोलावून आणलेला,
पुन्हा खोक्यावर चढला आणि काहीतरी बोलला.
नगरसेवकाने टोपी काढली.
फोटोवाल्याने मान खाली घातली:
म्हाताऱ्याचा कंठ दाटून आलाय.
आणि मागे, घड्याळाखाली,
तीस-चाळीस बायका पोट धरधरून हसत होत्या.

काय बोलला तो?
मी दहा वर्षांचा असताना आजी म्हणाली, तुझं वय नाही.
मी चाळिशीचा झालो तेव्हा म्हणाली, आता आठवत नाही,
आणि ओठ घट्ट मिटून घेतले,
मला ते वाचता येतात हे ठाऊक असल्यामुळे.

छप्पर उतरवलं. दगड लॉऱ्यांत भरून जुन्या गोदीत ओतले.
बोटी लागायच्या तिथे आता स्टेशन आहे,
पाण्याच्या जागी, रस्त्याच्या खाली.
घड्याळ एका हॉटेलवाल्याने नेलं.
ते अजून तीन मिनिटं पुढे असतं,
आणि तिथे कुणाची गाडी चुकायची नसते.

इथे लोक काच वर ठेवूनच विचारतात.
ओठ हलतात: बाहेरचा रस्ता?
मीही आवाज वाया घालवत नाही.
खाली. डावीकडे. मग सरळ.
कधी कंटाळा आला तर पुढचंही सांगून टाकतो:
ऑक्टरहाऊस, न्यूटाईल, कूपर अँगस.
लोक मान डोलावतात आणि निघून जातात.

परवा एका निळ्या गाडीत, मुलाच्या शेजारी,
एक खूप म्हातारी बाई होती.
काचेपलीकडून मला ऐकू आलं
इतक्या मोठ्याने ती हसली.
मग तिने मला काहीतरी सांगितलं, तीनच शब्द.
मुलाला काही कळलं नाही.
मी अडसर वर केला. पैसे घेतले नाहीत.